वडिलांच्या जुन्या जॅग्वारला कोणते टायर घ्यावेत?

प्रश्न : माझ्या वडिलांनी जिवापाड जपलेली १९८४ सालची जॅग्वार एक्सजे६, म्हणजे ‘सिरीज ३’मधली ४.२ लिटर इंजिनाची गाडी, आता माझ्याकडे आली आहे. महिन्यातून तीन-चार वेळा मी ती बाहेर काढते. कधी जवळपास, तर कधी दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या प्रवासाला. टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे, परंतु गाडी पूर्वीसारखी अलगद चालत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा आत जाणवतो, आणि मध्यंतरी पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी बरेच अंतर सरळ घसरत गेली. दादाचे म्हणणे असे की, नक्षी शिल्लक असताना टायर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. टायरवाल्याने दोन पर्याय सुचवले आहेत : एक तर त्याच मापाचे पण ‘जास्त मजबूत’ टायर, नाहीतर सोळा इंची अलॉय चाके आणि त्यांवर २२५/५५ आर १६. वडिलांचे एक स्नेही मात्र त्या काळातल्या नक्षीचेच टायर घे म्हणतात आणि ते बरेच महाग आहेत. चारही टायरवर ३७०८ हा आकडा आहे. स्टेपनीवर नुसताच १२४ आहे. मी काय करावे? आणि पांढऱ्या पट्टीचे टायर या गाडीला शोभतील का?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण ते दोन आकडे पत्रात लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर त्यांतच आहे. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, ‘डॉट’ या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटच्या आकड्यांत तो टायर कधी तयार झाला ते लिहिलेले असते. २००० सालापासून हे आकडे चार असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे आपले चारही टायर २००८ सालच्या सदतिसाव्या आठवड्यातले, सप्टेंबर महिन्यातले आहेत. त्यापूर्वी तीनच आकडे असत आणि वर्षाचा केवळ शेवटचा अंक लिहिला जाई. स्टेपनीवरचा १२४ म्हणजे चार या अंकाने संपणाऱ्या एखाद्या वर्षाचा बारावा आठवडा. गाडी १९८४ची असल्याने तो टायर तिच्याबरोबर कारखान्यातूनच आलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. (१९९०च्या दशकातल्या अनेक टायरवर आकड्यांशेजारी एक छोटा त्रिकोण कोरलेला असे, तो नाही ना, एवढे पाहून घ्यावे.)

तेव्हा पहिली गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो : हे पाचही टायर बदलावेत, आणि ते बदलले जाईपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

आपल्या बंधूंचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण रोजच्या वापरातल्या गाडीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा बरोबर असतो. तिथे टायरचे वय होण्याआधीच त्याची नक्षी झिजते. हौसेने जपलेल्या गाडीत हा क्रम उलटतो. नक्षी तशीच राहते आणि रबर मरते. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबरावर सतत काम करत असतात, उष्णतेने ते काम अधिक वेगाने होते, आणि त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण व इतर संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, गरम होतो तेव्हा ही द्रव्ये आतून पृष्ठभागाकडे येत राहतात. गाडी उभी राहिली की हा पुरवठा मंदावतो. त्यामुळे झाकून ठेवलेल्या, कमी चाललेल्या गाडीचे टायर अधिक सुरक्षित असतील ही समजूत खरी नाही. शिवाय आतली हवादेखील टायरच्या भिंतीतून अगदी सावकाश झिरपत असते आणि पोलादी पट्ट्यांच्या मधले रबर आतूनच कडक करत असते. ते बाहेरून दिसत नाही. एकही भेग नसलेला जुना टायर जोराच्या वेगात गरम होऊन त्याची नक्षीची पट्टी सुटून आल्याची उदाहरणे याच कारणाने घडतात.

पावसात आपल्याला आलेला अनुभवही यातच बसतो. नक्षीच्या खाचांचे काम पाणी बाहेर काढण्याचे असते; रस्ता धरण्याचे काम रबराचे असते. ओल्या डांबराच्या खडबडीत कणांमध्ये रबराने क्षणभर शिरावे, त्यांचा आकार घ्यावा आणि सुटावे, असे व्हायला हवे. कडक झालेल्या रबराला ते जमत नाही. अनेक देशांत कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवलेली आहे. आपल्या टायरची खोली त्याच्या कितीतरी पट असूनही ते ओल्या रस्त्यावर धोकादायक आहेत, हे बंधूंना जरूर दाखवावे. अंगठ्याचे नख नक्षीच्या एका ठोकळ्यावर दाबून पाहा आणि नंतर तेच एखाद्या नव्या टायरवर करा. हा फरक त्यांना माझ्या शब्दांपेक्षा लवकर पटेल.

वयाची मर्यादा नेमकी किती, यावर एकमत नाही. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात. टायर कंपन्या साधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहाव्या वर्षी, तो कसाही दिसत असला तरी, निरोप असा सल्ला देतात. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१पासून ट्रक व बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास कायद्यानेच बंदी आहे. खासगी मोटारींना तो नियम लागू नाही, परंतु त्यामागचे कारण रबराला लागू आहे, वाहनाच्या प्रकाराला नव्हे. जपून ठेवलेल्या जड गाडीसाठी मी स्वतः आठव्या वर्षी नवे टायर घेण्याचा आग्रह धरतो. आपले टायर या सर्व मर्यादांच्या केव्हाच पुढे गेले आहेत.

आता मुख्य प्रश्न : कोणते घ्यावेत? इथे या गाडीची जन्मकथा थोडी सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्या बाबतीत टायर ही वरून बसवलेली वस्तू नाही.

एक्सजे६ १९६८ साली आली तेव्हा तिची कीर्ती झाली ती मुख्यतः तिच्या शांत, अलगद चालीमुळे. जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या कंपनीत बॉब नाइट नावाचे अभियंते होते आणि रस्त्याचा आवाज व धक्के आत येऊ न देणे हा त्यांचा ध्यास होता. पुढचे सस्पेन्शन एका वेगळ्या चौकटीवर, ती चौकट रबराच्या आधारांवर. मागचे सस्पेन्शन, डिफरन्शियल आणि ब्रेकसकट, दुसऱ्या चौकटीत, आणि तीही रबरावर. त्या काळी रेडियल टायर पकडीला उत्तम, परंतु कमी वेगात रस्त्याचे बारीक ठोके आत पोहोचवणारे म्हणून ओळखले जात. त्यामुळे या गाडीसाठी डनलॉप कंपनीने खास रुंद रेडियल टायर विकसित केला. त्याचे माप ई७० व्हीआर १५ असे लिहिले जाई आणि तेच पुढे २०५/७० व्हीआर १५ या नावाने रूढ झाले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पिरेलीने जॅग्वारसाठी पी५ हा टायर तयार केला, तोही याच मापाचा, आणि त्यातही पहिली मागणी शांततेची होती. १९७९मध्ये पिनिनफरिना या इटालियन डिझाइन संस्थेने छताची रेषा सुधारलेली ‘सिरीज ३’ आली, तेव्हाही हेच माप कायम राहिले. तात्पर्य, आपल्या गाडीत रस्ता आणि आसन यांच्यामध्ये जे रबराचे थर आहेत त्यांतला सर्वांत बाहेरचा थर म्हणजे टायरची उंच, लवचीक साइडवॉल. स्प्रिंग, शॉक अब्जॉर्बर आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी अस्तरे) यांचा मेळ तिच्याशी घातलेला आहे. ती बदलली की बाकी सारे जागेवर असूनही गाडी वेगळी वागते.

म्हणून टायरवाल्याचा दुसरा पर्याय आधी बाजूला करतो. २०५/७० आर १५ या मापात २०५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी आणि १५ हा चाकाचा इंचातला व्यास; साइडवॉलची उंची २०५चे सत्तर टक्के, म्हणजे १४३.५ मिलिमीटर असते आणि टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. २२५/५५ आर १६ घेतला तर साइडवॉल सुमारे १२४ मिलिमीटर उरते आणि व्यास ६५४वर येतो. व्यासातला दोन टक्क्यांचा फरक एकवेळ चालला असता. स्पीडोमीटर किंचित जास्त वेग दाखवील, एवढेच. पण साइडवॉलचे ते वीस मिलिमीटर म्हणजे आपण ज्या अलगद चालीची आठवण काढता तीच चाल. शिवाय रुंद, ताठ टायर चाळीस वर्षांच्या बुशांवर आणि बेअरिंगवर जास्त भार टाकतो, रस्त्यातल्या चाकोऱ्यांमागे स्टिअरिंग ओढतो आणि नव्या चाकाचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) थोडाही चुकला तर पूर्ण वळणावर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. मूळ मापाचे टायर मिळतच नसते तर मी असल्या तडजोडीचा विचार केला असता. ते मिळतात, त्यामुळे या गाडीला सोळा इंची चाके लावण्याचे कारण मला दिसत नाही.

पहिला पर्याय अधिक फसवा आहे आणि त्यासाठीच मी हे उत्तर सविस्तर लिहीत आहे. ‘त्याच मापाचे, पण जास्त मजबूत’ याचा अर्थ बहुधा २०५/७० आर १५ सी असा होतो. शेवटच्या ‘सी’ या अक्षराकडे लक्ष द्यावे. हे माल वाहणाऱ्या व्हॅनचे टायर असतात. आकडे जुळतात, रिमवर बसतात, गाडीखाली दिसतातही ठीक. पण त्यांची घडण निराळी असते. अशा टायरवर १०६/१०४ आर असे काही लिहिलेले आढळेल. त्यातला १०६ हा भारांक एका टायरला ९५० किलो वजन पेलता येते असे सांगतो. चार टायर मिळून ३,८०० किलो झाले, आणि आपली गाडी साधारण १,८०० किलोंची आहे. एवढा भार पेलण्यासाठी टायरचे अंग जाड व ताठ केलेले असते आणि त्यात मोटारीपेक्षा कितीतरी जास्त दाबाची हवा अपेक्षित असते. मोटारीच्या दाबावर आणि मोटारीच्या वजनाखाली तो नीट दबतच नाही. रस्त्याचा प्रत्येक सांधा तो जसाच्या तसा वर पाठवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेवटचे ‘आर’ हे वेगाचे चिन्ह आहे आणि त्याची मर्यादा ताशी १७० किलोमीटर आहे. आपली गाडी ताशी २०० किलोमीटरच्या वर जाऊ शकते. आपण त्या वेगाने जाणार नाही हे मला मान्य आहे. तरीही गाडीच्या क्षमतेपेक्षा कमी वेगाचे टायर बसवणे अनेक ठिकाणी नियमात आणि विम्यातही अडचणीचे ठरते. या मापात छोट्या जीपसारख्या गाड्यांचे टायरही मिळतात. त्यांवर ‘सी’ नसतो, पण नक्षी जाडजूड, चिखलासाठी केलेली असते आणि गुळगुळीत रस्त्यावर ती घोंघावते. जॅग्वारसाठी तेही नकोत.

वेगाच्या चिन्हांबद्दल आणखी थोडे. जुन्या पद्धतीत ‘एसआर’ म्हणजे १८०पर्यंत, ‘एचआर’ म्हणजे २१०पर्यंत आणि ‘व्हीआर’ म्हणजे २१०च्या वर, असे तीनच ढोबळ गट होते. आता ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४० आणि ‘डब्ल्यू’ २७० अशा स्वतंत्र मर्यादा आहेत. कारखान्याने व्हीआर सांगितले होते, तेव्हा आज आपण ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’ घ्यावा. कोणी म्हणेल की एच कागदावर पुरतो, आणि आपल्या वापरासाठी ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण ही मर्यादा नव्या, योग्य दाबाच्या टायरवर केलेल्या चाचणीतून ठरते. दाब चार पौंड कमी असेल, डिकीत सामान असेल, दिवस तापलेला असेल, तेव्हा मर्यादेखालचा तो थोडा राखीव भागच टायरला सावरून धरतो. भारांकाचा हिशेब याहून सोपा आहे. गाडीवरच्या माहितीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत प्रत्येक धुरीवरचे, म्हणजे पुढच्या व मागच्या ॲक्सलवरचे, कमाल वजन दिलेले असते. त्याचे निम्मे करून भारांकाच्या आकड्याशी ताडून पाहावे. ९० म्हणजे ६०० किलो, ९५ म्हणजे ६९० किलो, ९६ म्हणजे ७१० किलो. एखाद्या धुरीवर १,२०० किलो लिहिलेले असतील तर ९० काठोकाठ पुरतो, पण मी ९५ किंवा ९६च घेईन.

आता आपल्या वडिलांच्या स्नेह्यांच्या सल्ल्याकडे येतो. मी त्यांच्या बाजूचा आहे, परंतु त्यांच्याच कारणासाठी नाही. त्या काळातल्या नक्षीचा टायर गाडीखाली योग्य दिसतो आणि हौशी माणसाला त्याचे महत्त्व असणे स्वाभाविक आहे. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट अशी की, जुन्या गाड्यांसाठी खास काढलेल्या या टायरचे अंगही त्या काळच्या सस्पेन्शनचा विचार करून घडवलेले असते : साइडवॉल लवचीक, खांदे किंचित गोलसर, म्हणजे वळणावर गाडी आपली मर्यादा आधी जाणवून देते आणि मग सावकाश घसरते. रबराचे मिश्रण मात्र आजचे असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड १९८४च्या टायरहून चांगली मिळते. आपल्या मापात पिरेलीने पी५ पुन्हा काढला आहे. मिशेलिनचा एक्सडब्ल्यूएक्स आहे. व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिकही आहे. आपण शांतता आणि अलगदपणा मागता, म्हणून मी पी५चे नाव पहिले घेईन, कारण तो या गाडीबरोबरच वाढलेला टायर आहे. एक्सडब्ल्यूएक्स मूळचा वेगवान, जड गाड्यांचा. मर्सिडीज-बेंझच्या ४५० एसईएल ६.९सारख्या गाड्यांवर तो असे. तो उत्तम आहे, पण या यादीत आपल्या गाडीचा सोबती म्हणून पी५च अधिक जवळचा. स्प्रिंट क्लासिक दिसायला जुन्या वळणाचा आहे, घडणीने बराचसा आधुनिक आहे, आणि खर्चाचा विचार करावा लागत असेल तर तो घेतल्याचा पश्चात्ताप होणार नाही.

असे असले तरी, या तिघांतला क्रम तारखेपुढे गौण आहे. जुन्या मापांचे टायर वर्षातून थोड्या वेळा, थोड्या संख्येने तयार होतात आणि दुकानाच्या फळीवर बराच काळ पडून राहू शकतात. पी५ मिळाला पण तो चार वर्षांपूर्वीचा आहे, आणि स्प्रिंट क्लासिक गेल्या सहा महिन्यांतला आहे, अशी निवड समोर आली तर मी विचार न करता दुसरा घेईन. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक टायरच्या तारखेच्या आकड्याचे छायाचित्र मागवावे. एका टायरचे नव्हे, पाचही टायरचे. पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते, त्यामुळे ‘आकडा सापडत नाही’ असे उत्तर आले तर टायर उलटा करून पाहायला सांगावे. एक वर्षाच्या आतले आणि एकमेकांपासून फार लांब नसलेले पाच टायर मिळेपर्यंत थांबणे योग्य. ही गाडी रोजच्या कामाची नाही; दोन-तीन महिने ती थांबू शकते.

ज्यांच्याकडे याच काळातल्या दुसऱ्या आलिशान गाड्या आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच नोंदवतो. जुन्या मापात १८५ एचआर १४ एवढेच लिहिलेले असेल आणि उंचीची टक्केवारी दिलेली नसेल, तर ती साधारण ८० ते ८२ टक्के धरायची असते. ती ७० समजून घेतलेला टायर बराच बुटका निघतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९७५पासून काही वर्षे मिशेलिनचे टीआरएक्स नावाचे टायर बीएमडब्ल्यूसारख्या काही गाड्यांवर मिलिमीटरमध्ये मोजलेल्या चाकांसह येत असत. त्यातले ३९० मिलिमीटरचे चाक म्हणजे पंधरा इंची चाक नव्हे. ते त्याहून सुमारे नऊ मिलिमीटर मोठे असते आणि त्याची कडही वेगळी असते. त्यावर पंधरा किंवा सोळा इंची टायर चढवण्याचा प्रयत्न कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

आपल्या गाडीकडे परत येतो. नवे टायर बसवण्यापूर्वी चाके रिकामी करून नीट पाहून घ्यावीत, कारण ही संधी पुन्हा लवकर येत नाही. पोलादी चाकांवर टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट धरणारी आतली कड, जिथे बसते तिथे गंज, आणि अलॉय चाकांवर तिथेच पांढरट खवले जमतात; हवा हळूहळू उतरण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण असते. तो थर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढून, आवश्यक तर चाक नव्याने रंगवून घ्यावे. रिमला बाक आहे का, चाक फिरवून पाहावे. हवा उतरते म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून देण्याचा उपाय कोणी सुचवील, तो स्वीकारू नये. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बारीक कंगोऱ्यांवर ट्यूब घासते, गरम होते आणि एकाएकी फाटते. व्हॉल्व्ह पाचही नवेच घालावेत. गाडी उचलताना जॅक किंवा लिफ्ट कुठे लावायची ते पुस्तिकेत पाहून कारागिराला स्वतः दाखवावे, कारण या वयाच्या गाडीचा दारांखालचा उंबरठा वरून चकचकीत आणि आतून गंजलेला असू शकतो. चाकाचे नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नयेत. शेवटचा पिळा हाताच्या टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्यावेत. अलाइनमेंट करताना पुढच्या सस्पेन्शनचे बुश पाहायला सांगावे, कारण आपल्याला जाणवणारे काही धक्के तिथलेही असू शकतात आणि ते टायरने जाणार नाहीत.

हवेच्या दाबाबाबत एक चूक सर्रास होते : साइडवॉलवर लिहिलेला कमाल दाब हाच योग्य दाब समजला जातो. तो टायरची मर्यादा सांगतो, आपल्या गाडीची गरज नव्हे. पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. आलिशान गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये अनेकदा दोन दाब दिलेले असतात, एक नेहमीच्या वेगासाठी व आरामासाठी, दुसरा पूर्ण भारासाठी किंवा सततच्या मोठ्या वेगासाठी. आपल्या वापराला पहिला योग्य. दाब नेहमी टायर थंड असताना, घरून निघण्यापूर्वी मोजावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी, कारण नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला निसरडा थर असतो आणि तो जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही.

पांढऱ्या पट्टीचा प्रश्न थोडक्यात सांगतो. टायरमध्येच घडवलेली अरुंद पट्टी असेल आणि आपल्याला ती आवडत असेल तर हरकत नाही. रंग लावून किंवा वरून रबराची कडी बसवून केलेली पट्टी मात्र नको. माझ्या नजरेला ही गाडी काळ्या टायरवरच अधिक देखणी दिसते, पण यात माझ्या आवडीला काही महत्त्व नाही.

जुन्या स्टेपनीच्या भरवशावर प्रवास करणे मात्र पूर्णपणे थांबवावे. रस्त्याच्या कडेला पंक्चर झाल्यावर चाळीस वर्षांचा टायर चढवून घर गाठण्याचा प्रयत्न हीच मोठी जोखीम आहे. त्या चाकावर पाचवा नवा टायर बसवावा. जुना टायर टाकून देऊ नये, कारण त्यावरची कंपनी, नक्षी आणि माप ही या विशिष्ट गाडीच्या मूळ अवस्थेची नोंद आहे आणि पुढे कोणी तिचा इतिहास तपासला तर ती उपयोगी पडेल. बाकीचे चार जुने टायर मात्र रीतसर विल्हेवाटीसाठी द्यावेत, ते दुसऱ्या कोणाच्या गाडीवर जाणार नाहीत याची खात्री करून.

नवे टायर आल्यावर त्यांना टिकवण्यासाठी आपला आत्ताचा वापर जवळजवळ आदर्श आहे. महिन्यातून तीन-चार फेऱ्यांत टायर पुरेसे गरम होतात, एवढेच पाहावे. गाडी नुसती सुरू करून जागच्या जागी पुढे-मागे केल्याने तो हेतू साधत नाही. काही आठवडे गाडी उभी राहणार असेल तर दाब पाच-सहा पौंड वाढवून ठेवावा आणि निघताना परत कमी करावा. दीर्घकाळ उभी राहिल्यानंतर पहिल्या काही किलोमीटरमध्ये स्टिअरिंगला थरथर जाणवली तर घाबरू नये. टायरचा जमिनीवर टेकलेला भाग थोडा चपटा झालेला असतो आणि गरम झाल्यावर तो पूर्ववत होतो. वीस-तीस किलोमीटरनंतरही थरथर कायम राहिली तर मात्र बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यावे, आणि तरीही ती गेली नाही तर चाके पुढे-मागे अदलाबदल करून कोणते चाक दोषी आहे ते शोधायला सांगावे.